बाजार, पैसा आणि ख्रिस्ती विश्वास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमध्ये मराठी बोलणारी ख्रिस्ती घरं मोजकीच. कुणाची आजी मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, कुणाचे आजोबा शाळामास्तर. पुढची पिढी मात्र दुकानात, कारखान्यात, हिशेबाच्या खुर्चीवर येऊन बसली. रविवारी उपासना संपली की चहाबरोबर हेच प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, म्हणून ते एका ठिकाणी लिहून ठेवले आहेत. मी पाळक नाही, सियागंजातल्या पेढ्यांची खाती लिहितो. उत्तरांत ईशशास्त्रापेक्षा तराजू जास्त दिसला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

ख्रिस्ती धर्म मुक्त बाजाराच्या बाजूने आहे की विरोधात?

दोन्ही बाजूंचे लोक वचनं काढून दाखवतात आणि दोघांचीही वचनं खरी असतात. गोची प्रश्नातच आहे. मुक्त बाजाराचा विचार मांडणाऱ्या ॲडम स्मिथचा ग्रंथ १७७६ चा. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, लिहिणाऱ्यांसमोर 'अर्थव्यवस्था' नव्हती. शेतं होती, कर्जं होती, रोजंदारीचे मजूर होते, रोमी करवसुली होती आणि गावचा बाजार होता. तो बाजार असावा की नसावा, यावर शास्त्रात चर्चाच नाही. तो आहेच असं धरून वजनमापं खरी असावीत (लेवीय १९; कंसात बायबलमधलं पुस्तक आणि अध्याय), कर्जापोटी कुणाचं जातं गहाण घेऊ नये (अनुवाद २४), गरिबाला उसने दिले तर व्याज लावू नये (निर्गम २२), असं एकेक सांगत जातं. जात्याचं बघा. ज्यावर घरचं पीठ निघतं तेच उचलून नेलं तर कर्ज फिटणार कशाने?

माझं मत विचाराल तर शास्त्राची हरकत बाजाराला नाही. काटा मारणाऱ्याला, मजुरी दाबून ठेवणाऱ्याला आणि अडल्यानडल्याच्या गळ्याला नख लावणाऱ्याला आहे. खालची बहुतेक उत्तरं याच मुद्द्यावर येतात.

येशूनंतरची पहिली ख्रिस्ती मंडळी सगळं सामाईक ठेवत होती ना? मग ती साम्यवादीच झाली!

प्रेषितांची कृत्ये, अध्याय २ आणि ४. विश्वासणारे जमिनी विकून पैसे प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांच्या, पायाशी आणून ठेवत, हे खरं. पण लगेच पाचवा अध्याय वाचा. हनन्या आणि सप्पीरा जमीन विकतात, काही रक्कम मागे ठेवतात आणि सगळी दिली असं भासवतात. त्या प्रेषितांतला पेत्र त्यांना धरतो तो खोटेपणाबद्दल. जमीन विकण्याआधी तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हातात होता, असं तो हनन्याला स्वच्छ सांगतो. म्हणजे मालकी मान्य आहे आणि देणं स्वखुशीचं. सरकारी जप्तीला यातून आधार काढता येत नाही.

'स्वखुशीचं होतं, म्हणजे आम्ही मोकळे' असं म्हणणाऱ्यांनी चौथ्या अध्यायातली नोंदही बघावी. त्यांच्यात कोणी गरजू उरला नव्हता, असं या पुस्तकाचा लेखक लूक लिहितो. आपल्या मंडळीबद्दल असं कुणाला लिहिता येईल का?

आणखी एक दावा ऐकू येतो, की या सामाईक प्रयोगामुळेच यरुशलेमची मंडळी कंगाल झाली आणि धर्मप्रचारक पौलाला तिच्यासाठी वर्गणी जमवावी लागली. लूकने कारण वेगळं दिलं आहे : क्लौद्य कैसराच्या काळातला दुष्काळ (कृत्ये ११).

खासगी मालमत्तेचा हक्क शास्त्राला मान्य आहे का?

हो, आणि तो राजाविरुद्धही मान्य आहे. १ राजे २१ मध्ये अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा असतो. सुरुवातीचा प्रस्ताव अगदी रीतसर आहे : याहून चांगला मळा घे, नाहीतर रोख किंमत घे. वाडवडिलांची जमीन म्हणून नाबोथ नाही म्हणतो. मग ईजबेल राणी खोटे साक्षीदार उभे करते, नाबोथाला दगडमार होते आणि मळा राजाच्या खात्यात जातो. त्यावर एलीया संदेष्टा राजाला त्याच मळ्यात गाठतो. भूसंपादनाची नोटीस हातात पडलेल्या शेतकऱ्याला या गोष्टीवर प्रवचन लागत नाही.

पण हक्क अमर्याद नाही. लेवीय २५ वाचताना माझ्यासारख्या हिशेबनिसाला मजा येते, कारण तिथे चक्क किंमत काढायची रीत दिली आहे. दर पन्नासाव्या वर्षी, योबेल वर्षात, विकलेली शेतजमीन मूळ कुटुंबाकडे परत जाते. म्हणून विकताना योबेलपर्यंत किती पिकं उरली ते मोजायचं आणि त्या प्रमाणात भाव ठरवायचा. वर्षं जास्त तर भाव जास्त, वर्षं कमी तर भाव कमी. आजच्या भाषेत तुम्ही जमीन विकत नाही, भाडेपट्ट्याने देता. कारण जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे राहणारे उपरे आहात, असं देव म्हणतो.

त्याच अध्यायात तटबंदीच्या शहरातल्या घरांना वेगळा नियम आहे. विकलेलं घर वर्षभरात सोडवून घेतलं तर ठीक, नाहीतर ते कायमचं घेणाऱ्याचं. योबेलातही परत जात नाही. म्हणजे शहरातल्या घरांचा बाजार मोकळा आणि पोट भरायच्या जमिनीला संरक्षण. एकाच अध्यायात दोन कायदे! 'बायबल मालमत्तेबद्दल काय म्हणतं' याचं एका ओळीत उत्तर मागणाऱ्यांना मी हाच अध्याय वाचायला देतो.

येशूने मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकललं. म्हणजे व्यापारच वाईट?

त्याने गालीलातले मासे विकणारे हाकलले नाहीत. यरुशलेमच्या मंदिरात सराफ रोमी नाणी बदलून मंदिराच्या कराला चालणारी नाणी देत आणि कबुतरं विकणारे बसत. कबुतर हे गरिबाचं अर्पण. कोकरू परवडत नसेल तर पक्षी आण, अशी लेवीयात सोय आहे. येशूच्या जन्मानंतर योसेफ आणि मरियेने पक्ष्यांचंच अर्पण दिलं (लूक २). गिऱ्हाईक दूरगावाहून आलेलं आणि श्रद्धेने बांधलेलं, त्याला दुसरं दुकान नाही. माझ्या मते आसूड तिथे उचलला गेला. प्रार्थनेच्या घरात मांडलेली मक्तेदारी ती.

श्रीमंताचं काय? उंट आणि सुईचं नेढं?

श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं, असं येशू म्हणतो. कठीण वचन आहे आणि ते सैल करायचा मी प्रयत्न करणार नाही. जक्कयाची गोष्ट मात्र शेजारी ठेवून वाचावी (लूक १९). जकातदारांचा मुखिया, चांगला गब्बर. निम्मी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत, असं तो स्वतःहून म्हणतो. उरलेल्या निम्म्याबद्दल येशू विचारत नाही. अर्थात चौपटीनंतर फारसं उरलं असेल असं त्याचं खातं बघितल्याशिवाय मी म्हणणार नाही.

किती टक्के नफा घेतला तर पाप?

टक्केवारी शास्त्रात कुठेच नाही. मध्ययुगातला 'न्याय्य भाव' म्हणजे बिशपने ठरवून दिलेला दर, असा समज आहे. तो बराचसा चुकीचा. सोळाव्या शतकात स्पेनमधल्या सालामांका विद्यापीठाशी जोडलेले फ्रान्सिस्को दे विटोरिया, दोमिंगो दे सोतो, लुईस दे मोलिना हे सगळे धर्मपंडित होते. कपट नाही, जबरदस्ती नाही, मक्तेदारी नाही, अशा बाजारात लोकांच्या अंदाजाने जो भाव ठरतो तो न्याय्य, अशी त्यांची साधारण भूमिका. व्यापाऱ्याला माल महाग पडला म्हणून गिऱ्हाइकाने जास्त द्यावं, हेही त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्यातल्याच अस्पिल्कुएताने १५५६ मध्ये लिहून ठेवलं की अमेरिकेतून सोनंचांदी येऊन पडली आणि त्यामुळे स्पेनमध्ये महागाई झाली. चलन वाढलं की त्याची किंमत घटते, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत येण्याच्या कितीतरी आधी पापकबुली ऐकणाऱ्यांनी ओळखलं होतं.

त्यांच्याआधी, तेराव्या शतकात, थॉमस अक्वायनस या धर्मपंडित संताने एक कोडं हाताळलं. टंचाईच्या गावात एक व्यापारी धान्य घेऊन पोहोचतो. मागून आणखी माल येतो आहे हे त्याला ठाऊक आहे, गावाला नाही. त्याने ते सांगायलाच हवं का? अक्वायनस म्हणतो, न सांगता चालू भावाने विकलं तर न्यायाचा भंग होत नाही. पण सांगितलं किंवा भाव उतरवला तर तो मोठा सद्गुण. आमच्या बैठकीत यावर हमखास भांडण होतं. नोकरदार मंडळींना अक्वायनस सैल वाटतो. दुकानदारांना वाटतं, चला, एक तरी संत आपला निघाला.

मौन चालेल, खोटं चालणार नाही, ही मात्र त्याची ठाम रेषा. छावणी मंडीत लिलावाच्या वेळी उभे राहा. सोयाबीनची ट्रॉली उघडते, व्यापारी मूठभर दाणे उचलतो, एखादा दाताखाली घालतो आणि तोंड वाकडं करून 'ओल आहे' म्हणतो. ओल मोजायचं यंत्र असतं, पण ते बाहेर निघेपर्यंत भाव उतरलेला असतो. दाणा खरंच ओला असेल तर ठीक. खडखडीत कोरडा असेल आणि समोरच्याला ट्रॉलीचं भाडं भरून संध्याकाळपर्यंत गावी परतायचं आहे हे ताडून 'ओल' म्हटलं असेल, तर आमोस संदेष्ट्याचा आठवा अध्याय त्याच माणसासाठी आहे. शब्बाथ (आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) कधी संपतो आणि आपण माप लहान करून गव्हाचा भुसकट-कचरा कधी विकतो, याची वाट बघणारे व्यापारी तिथे आहेत.

नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायात धान्य दाबून ठेवणाऱ्याला लोकांचे शाप आणि विकणाऱ्याला आशीर्वाद आहे. विकणाऱ्याला, बरं का. फुकट वाटणाऱ्याला नव्हे.

व्याज घेणं पाप आहे ना? मग ख्रिस्ती माणसाने बँकेत नोकरी कशी करायची?

इतिहास लांबलचक आहे, पण समजून घेण्यासारखा. निर्गमातली मनाई गरिबाला दिलेल्या कर्जावर आहे. अनुवाद २३ मध्ये भाऊबंदाकडून व्याज घेऊ नये, परक्याकडून चालेल असं आहे. चर्चने आधी पाळकवर्गावर बंदी घातली (निकायाची धर्मपरिषद, ३२५), पुढे सगळ्याच सावकारीचा कडक निषेध केला (लॅटरनची धर्मपरिषद, ११३९). बंदीने कर्जाची गरज थोडीच संपते? गरिबाला चोरीछुपे, आणखी महाग कर्ज मिळू लागलं. तेव्हा इटलीत फ्रान्सिस्कन साधूंनी गहाणवटीच्या धर्मादाय पेढ्या काढल्या. पेरुजाची पेढी १४६२ ची. खर्च भागेल इतकंच व्याज. तेही पापच, असं म्हणणारे धर्मगुरू होते, वाद अर्धं शतक चालला आणि १५१५ मध्ये रोमने या पेढ्यांना मान्यता दिली. त्याच शतकात जिनिव्हात प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनने फरक केला : गरजूला दिलेलं कर्ज वेगळं आणि धंद्यासाठी दिलेलं भांडवल वेगळं. पहिल्यावर व्याज नको, दुसऱ्यावर मर्यादेत चालेल.

मला हा फरक अजूनही पटतो. शेजाऱ्याच्या आईचं ऑपरेशन आहे आणि तुम्ही महिना तीन टक्क्यांनी पैसे देता, ही लूट. तोच शेजारी दुसरी डिलिव्हरी व्हॅन घ्यायला पैसे मागतो, व्हॅन रोज कमावणार, तर त्या कमाईतला वाटा मागण्यात गैर काही नाही. बँकेतल्या नोकरीला म्हणून हरकत नाही. घरोघरी गटकर्ज वाटून, एका बाईचा हप्ता चुकला की बाकीच्यांना तिच्या दारात बसवणाऱ्या वसुलीला मात्र माझी आहे.

याच्या पुढचा अध्याय आपल्या ओळखीचा आहे. जर्मनीत राइफायझन नावाच्या एका श्रद्धाळू प्रोटेस्टंट नगराध्यक्षाने सावकारात अडकलेल्या शेतकऱ्यांच्या पतपेढ्या उभ्या केल्या : एकमेकांची हमी, गावापुरतं कार्यक्षेत्र. तोच नमुना समोर ठेवून हिंदुस्थानात १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा झाला. त्याच्याही आधी, १८८९ मध्ये, बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी सुरू केली होती. तिचा चर्चशी काही संबंध नव्हता. सहकार म्हणजे बाजाराचा शत्रू नव्हे, हे मात्र दोन्हीकडे दिसतं. बाजारात एकट्याला कोणी विचारत नाही, म्हणून दहा जण मिळून जातात.

मजुरी बाजारभावाने द्यावी की गरजेप्रमाणे?

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला (मत्तय २०) दोन्ही बाजूंचे लोक ओढतात. पहाटे आलेल्यालाही एक दिनार आणि संध्याकाळी पाचला आलेल्यालाही एकच. मालक म्हणतो, माझ्या पैशाचं मी हवं ते करीन, बाजारवाले खूश. सगळ्यांना सारखं मिळतं, समाजवादी खूश. दाखला मुळात देवाच्या कृपेबद्दल आहे, वेतन आयोगाबद्दल नाही. तरी पाचला उभ्या असलेल्यांचं उत्तर वाचा : आम्हाला कोणी कामाला लावलंच नाही. सकाळी मजूर चौकात गवंडी-बिगारी उभे असतात. साडेदहापर्यंत ज्याला कोणी नेलं नाही तो डबा न उघडता घरी जातो. तो आळशी नसतो. 'जो काम करीत नाही त्याने खाऊ नये' हे पौलाचं वाक्य त्याच्यावर फेकणाऱ्यांनी नीट वाचावं. पौल काम करायची *इच्छा नसलेल्यांबद्दल* बोलतो.

दर किती, यावर शास्त्र आकडा देत नाही. वेळ देतं. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी (अनुवाद २४). याकोबाच्या पत्रात दाबून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे. आपल्याकडे मध्य प्रदेशच्या १९७२ च्या मंडी कायद्यातही शेतकऱ्याला मालाचे पैसे त्याच दिवशी द्यायचे असं आहे. अनुवादातले नियम ज्याच्या तोंडचे, त्या मोशेशी त्या मसुदाकारांचा संबंध नसावा. अडचण तीच, म्हणून उपाय तोच.

इंदूरकराला याकोब समजायला हुकुमचंद मिल पुरते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली, अवसायनात गेली आणि कामगारांची देणी कोर्टात अडकली. कामगार म्हातारे झाले, कित्येक वारले, तारखा पडत राहिल्या. शेवटी २५ डिसेंबर २०२३ ला, नेमका नाताळच्या दिवशी, सुमारे ४८०० कामगारांच्या देण्यांपोटी २२४ कोटींचा धनादेश दिला गेला. राज्य सरकारने देणी आधी भागवायची आणि गिरणीची जमीन ताब्यात घेऊन विकसित करायची, अशी ती तडजोड. गिरणी बंद पडणं हे बाजाराचं कामच आहे. तोट्यातला धंदा बंद होतो. पण झालेल्या कामाचे पैसे तीस वर्षं अडकणं याला बाजार म्हणत नाहीत. मुक्त बाजाराचा पहिला नियम करार पाळणे हा. तो इथे मोडला आणि मुक्त बाजाराच्या नावाने भाषण देणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्याची टोचणी लागली.

भांडवलशाही प्रोटेस्टंटांनी आणली, हे खरं का?

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने १९०४-०५ मध्ये मांडलेला सिद्धांत. कॅल्व्हिनपंथी माणसाला आपण देवाने निवडलेले आहोत की नाही याची चिंता. म्हणून शिस्तीने काम, साधी राहणी, साठलेला पैसा पुन्हा धंद्यात. कल्पना झकास, पण फ्लॉरेन्स आणि व्हेनिसच्या पेढ्या कॅल्व्हिन जन्मण्याआधीच्या आणि पक्क्या कॅथलिक. शिवाय सराफ्यातल्या जैन-मारवाडी घरांत ही शिस्त, ही साधी राहणी आणि हुंडीचा शब्द पाळण्याची रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली. त्यांना जिनिव्हाचा पत्ताही विचारावा लागला नाही.

कॅथलिक चर्चची अधिकृत भूमिका काय?

१८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या प्रश्नावर परिपत्रक काढलं. खासगी मालमत्ता हवी, समाजवाद नको. पण कामगाराला पोटापुरती मजुरी आणि संघटना करण्याचा हक्क मिळालाच पाहिजे. १९३१ मध्ये पायस अकरावे यांनी भर घातली : जे काम कुटुंब किंवा गाव करू शकतं ते वरच्या सत्तेने हिसकावू नये. १९९१ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी प्रश्न सरळ विचारला, की साम्यवाद कोसळल्यावर आता भांडवलशाहीच का? त्यांचं उत्तर दुहेरी होतं. उद्योजकता, बाजार, मालमत्ता असा अर्थ असेल तर हो. कायद्याच्या चौकटीबाहेरची मोकाट सुटलेली असेल तर नाही. त्याच वर्षी जुलैत आपल्याकडे उदारीकरणाचा अर्थसंकल्प आला. पुढे २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वरची संपत्ती आपोआप खाली झिरपते या समजावर कडक टीका केली.

हे कोणी प्रत्यक्षात करून दाखवलं का?

युद्धानंतरचं पश्चिम जर्मनी जवळचं उदाहरण. विल्हेल्म र्‍योपके, आल्फ्रेड म्युलर-आर्माक हे प्रोटेस्टंट अर्थतज्ज्ञ विचार देणारे आणि लुडविग एरहार्ट तो राबवणारा. १९४८ मध्ये नवं चलन आलं आणि एरहार्टने बहुतेक भावनियंत्रणं उठवली. दुकानांत माल दिसू लागला. मक्तेदारीविरोधी कायदा १९५७ चा. भाव मोकळे, पण भाव ठरवायला व्यापाऱ्यांनी टोळ्या करायला बंदी.

'देवाला पेरा, शंभरपट मिळेल' असं सांगणाऱ्या प्रचारकांबद्दल?

ही गुंतवणूक योजना आहे आणि जोखमीचा खुलासा न करता विकली जाते. नीतिमान असूनही सगळं गमावलेल्या ईयोबाचं पुस्तक वाचा.

शेजारचे काका म्हणतात, यात नवीन काय? हे तर तुकोबांनीही सांगितलंय.

काकांचं बरोबर आहे. तुकोबा वाण्याच्या धंद्यातले. दुष्काळानंतर आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली, असं परंपरा सांगते. अनुवाद १५ मध्ये सातव्या वर्षी कर्जमाफी आहे आणि माफीचं वर्ष जवळ आलं म्हणून गरिबाला कर्ज नाकारू नको, अशी ताकीदही आहे. तुकोबांनी वर्ष मोजलं नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत, तेव्हा आमच्यातल्या कुणाला या तुलनेचा राग यायचं कारण नाही.

रविवारी दुकान उघडं ठेवावं का?

छप्पन दुकानवर रविवारची गर्दी बघता हा प्रश्न विचारणारा खवय्यांच्या धंद्यातला असणार. स्वतः उपासनेला यायचं आणि नोकराला आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी द्यायची, एवढं करा. शब्बाथाच्या आज्ञेत चाकराचं आणि बैलाचंही नाव आहे.

दशमांश विक्रीवर काढायचा की नफ्यावर?

नफ्यावर. किराण्याच्या घाऊक धंद्यात शंभरामागे दोन-तीन रुपये सुटतात. विक्रीवर दहा टक्के काढले तर नाताळपर्यंत शटर खाली. जुन्या करारातला दशमांश पिकावर आणि गुरांवर होता. नव्या करारात पौल टक्केवारी न सांगता मनात ठरवल्याप्रमाणे, आनंदाने द्या म्हणतो (२ करिंथ ९). सरकारचा कर गेल्यावर की आधी, हे तुमच्या सदसद्विवेकावर. जीएसटी मात्र तुमचा नव्हेच, तो हिशेबात धरू नका.

आणि क्रम पाळा. आधी हम्मालांची आणि नोकरांची मजुरी, मग पुरवठादारांची थकलेली बिलं, मग दशमांश. हम्मालाचे पैसे थकवून अर्पणाच्या पाकिटात गुलाबी नोट घालणारे आमच्याही मंडळीत होऊन गेले. मत्तय २३ मध्ये येशू ज्यांना झाडतो ते पुदिना, शेप आणि जिऱ्याचासुद्धा दशमांश काटेकोर मोजून देणारे लोक आहेत. सियागंजात जिऱ्याची पोती उतरत असताना हे वचन वाचून बघा.